श्रीमती रमाबाई रानडे व रोग्याच्या खाटेजवळची शाळा

गेल्या पावसाळ्यात मेहकर तालुक्यातील एका खेड्याहून आमच्या मंडळीतील एक गृहस्थ मजकडे आले. त्यांची कन्या बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली असून सहाय्यक परिचारिका व प्रसाविका ह्या दोन वर्षांच्या शिक्षणक्रमास तिची निवड झाली होती. मुलगी आनंदात होती. बाप मात्र रात्रभर झोपला नव्हता. आमच्या आजोबापणजोबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे व गावची घाण काढण्याचे काम टाकून दिले ते ताठ मानेने जगता यावे म्हणून. आता शाळा शिकलेल्या पोरीने परक्या माणसांचे मलमूत्र उचलावे, हे पुढे जाणे की मागे जाणे, असा त्यांचा सवाल होता.

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले हे उदाहरण जिभेवर आले होते. परंतु धनी आपण होऊन पाय धुतो ते निराळे, आणि ज्याच्या वाडवडिलांस हलक्या कामावाचून दुसरे कामच गावाने दिले नाही त्यास ते उदाहरण ऐकविणे निराळे. म्हणून मी ते गिळून टाकले. पाळकास उत्तर सुचले नाही म्हणजे तो आपण प्रार्थना करू या असे म्हणतो. मीही तेच केले.

ते गेल्यावर मला एका बाईंची आठवण झाली. ह्याच कामाविषयी हाच प्रश्न त्यांस शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अगदी उलट्या बाजूने विचारण्यात आला होता. आमचे गृहस्थ म्हणत होते की हे काम आमच्या माथी पूर्वी मारले होते, म्हणून नको. त्या बाईंच्या ज्ञातीचे लोक म्हणत की हे काम आमच्या घराण्यात कधी कोणी केले नाही, म्हणून नको. त्या बाई म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्या पत्नी श्रीमती रमाबाई रानडे. वाचकांनी केडगावच्या पंडिता रमाबाईंशी त्यांची गल्लत करू नये. दोघी एकमेकींस ओळखत होत्या. पण पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या, आणि ह्या शेवटपर्यंत हिंदू राहिल्या. तरीही त्यांचे चरित्र आमच्या मंडळ्यांनी वाचण्यासारखे आहे.

रमाबाईंचा जन्म ता. २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे ह्या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे आडनाव कुर्लेकर व नाव यमुना. मुलीने अक्षर ओळखले तर तीस वैधव्य येते अशी समजूत त्या काळी घरोघर होती, त्यामुळे यमुनेस कोणी लिहावयास शिकविले नाही. सन १८७३ च्या डिसेंबरात, अकरा वर्षांची असता, तिचे लग्न महादेवरावांशी झाले. ते तेव्हा एकतीस वर्षांचे असून त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. तेव्हा त्यांनी आता एखाद्या विधवेशीच लग्न करावे अशी मित्रांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. ह्याबद्दल सुधारकांत त्यांची पुष्कळ निंदा झाली, आणि ती अगदीच वावगी होती असे मला म्हणवत नाही. तथापि घरात आलेल्या त्या लहान मुलीस शिकविण्यास त्यांनी पहिल्याच दिवसापासून आरंभ केला, आणि त्यात कधी खंड पडू दिला नाही.

शिकणे हे त्या घरात सोपे नव्हते. सासरच्या वडीलधाऱ्या बायका रमाबाईंची थट्टा करीत, त्यांस टाकून बोलत, कधी कधी दिवसचे दिवस अबोला धरीत. पुढे इंग्रजी शिकविण्यास मिस हरफर्ड नावाच्या युरोपियन बाई मिळाल्या, तेव्हा तर सोवळ्याओवळ्याचा मोठाच प्रश्न उभा राहिला. परधर्मी बाईजवळ बसून आलेल्या सुनेने स्नान करून शुद्ध झाल्यावाचून सोवळ्यास शिवू नये असा बायकांचा आग्रह असे. रमाबाई उलट उत्तर देत नसत. सांगितले ते निमूट करावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक घेऊन बसावे, असा त्यांचा क्रम होता.

सन १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच्या सभांस रमाबाई रानडे जाऊ लागल्या, आणि चारचौघींत उभे राहून बोलण्याचे धैर्य त्यांच्या अंगी येत गेले. सन १८९० साली दुसरे एक प्रकरण झाले. पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये काही हिंदू गृहस्थ पाहुणे म्हणून गेले असता तेथे चहा देण्यात आला. त्या मंडळींत रानडे होते, टिळकही होते. ख्रिस्ती लोकांच्या येथे चहा घेतला म्हणून ह्या गृहस्थांवर बहिष्काराचे सावट आले, आणि पुढे १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. हेही लोकांस रुचले नाही. सुधारक म्हणाले भ्याले, सनातनी म्हणाले उशीर केला. मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे की ज्या समाजात एका कपभर चहाने बाट लागत असे, त्याच समाजातील बायकांस रमाबाई पुढे कोणाकोणाच्या अंगास हात लावावयास पाठविणार होत्या.

सन १८९३ मध्ये महादेवराव मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले व बिऱ्हाड मुंबईस गेले. पुढे त्यांची प्रकृती ढासळत गेली. दिवसा घरचे व सभांचे काम, आणि रात्री पतीच्या तळपायांस तूप चोळीत बसणे, असा रमाबाईंचा दिनक्रम असे. अखेरच्या आजारात त्या त्यांच्या अंथरुणापासून हलल्या नाहीत. ता. १६ जानेवारी १९०१ रोजी महादेवराव वारले. रमाबाईंस एकोणचाळिसावे वर्ष पुरे होण्यास त्या वेळी नऊ दिवस उरले होते. पोटी मूल नव्हते. त्या पुण्यास परतल्या आणि वर्षभर बहुतेक घराबाहेर पडल्या नाहीत.

नंतर त्या बाहेर पडल्या त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रीकैद्यांस भेटण्याकरिता आणि रुग्णालयातील रोग्यांची विचारपूस करण्याकरिता. रोग्यांसाठी त्या फळे व फुले नेत. रुग्णालयात एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात येण्यासारखी होती. त्या काळी परिचारिका म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया बहुधा युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा आमच्या देशी ख्रिस्ती मंडळीतील असत. हिंदू घरातील बाई रोगी म्हणूनच रुग्णालयात येण्यास भीत असे. तेथे काम करण्यास ती कशी येणार? बाळंतपण घरीच, बहुधा अंधाऱ्या खोलीत होई, आणि नाळ कापण्यास घरातील विळा असे. त्या विळ्याने किती अर्भकांस धनुर्वात झाला ह्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

परिचारिकेचे शिक्षण म्हणजे काय ते आमच्या वाचकांनी येथे समजून घ्यावे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५४ साली क्रिमियाच्या लढाईतील जखमी शिपायांची शुश्रूषा केली, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्यांचे अधिक मोठे काम १८६० साली झाले. त्या वर्षी लंडन येथील सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. तिचा मुख्य विचार असा होता की हे काम केवळ पुस्तकातून येत नाही, आणि केवळ दया आली म्हणूनही येत नाही. अनुभवी बाईच्या देखरेखीखाली, खऱ्या रोग्याच्या खाटेजवळ, आपल्या हातांनी रोज करून ते शिकावे लागते. हीच रीत पुढे सर्व देशांत पसरली. आपल्याकडे मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली स्त्रियांकरिता उघडले व तेथे देशी स्त्रियांस हे शिक्षण मिळू लागले. मिरजेस डॉ. वानलेस ह्यांचे मिशन रुग्णालय १८९४ साली उभे राहिले, आणि ख्रिस्ती तरुण-तरुणी त्यांच्या हाताखाली तयार होऊ लागल्या. शिक्षण न घेताही जीव ओवाळून टाकणारे होतेच. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करीत असता त्याच रोगाने वारल्या. रमाबाईंच्याच पुण्यात ही गोष्ट घडली.

सन १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल ह्या दोघांनी मुंबईस सेवासदन काढले, आणि १९०९ साली रमाबाईंनी पुण्यास आपल्या स्वतःच्या वाड्यात पुणे सेवासदनाचा आरंभ केला. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे उजवे हात होते. लेखनवाचन, शिवण, शिक्षिकांचे वर्ग असे एकेक काम वाढत गेले. त्या कामांस लोकांनी नावे ठेवली तरी बेताने ठेवली. परंतु १९११ च्या सुमारास सेवासदनाने आपल्या विद्यार्थिनींस परिचारिकेचे काम शिकण्याकरिता ससून रुग्णालयात पाठविण्याचे ठरविले, तेव्हा मात्र खरी परीक्षा आली.

ह्या विद्यार्थिनी कोण होत्या? पुष्कळशा विधवा; कोणी बालविधवा, कोणी नवऱ्याने टाकलेल्या. बहुतेक ब्राह्मण व इतर पांढरपेशा घरांतील. भावाच्या किंवा दिराच्या घरी चूल फुंकून दिवस काढणाऱ्या ह्या बायका कोणास विशेष हव्या होत्या असे नाही. पण त्या रुग्णालयात जाणार म्हणताच घराण्याची अब्रू सर्वांस एकदम आठवली. पुरुष रोग्याच्या अंगास हात लावावयाचा, कोणत्याही जातीच्या माणसाची घाण काढावयाची, रात्रीची पाळी करावयाची, डॉक्टरांच्या आज्ञेत राहावयाचे. हे काम बाटलेल्यांचे, असेही म्हणणारे होते. बाटलेले म्हणजे कोण, ते आमच्या वाचकांस सांगावयास नको.

रमाबाईंनी ह्या आक्षेपांस वर्तमानपत्रांतून उत्तरे देण्यात फारसा वेळ घालविला नाही. त्यांनी व्यवस्था केली. शिकणाऱ्या बायकांकरिता वसतिगृह ठेविले, म्हणजे रुग्णालयातून निघालेली बाई भलत्या ठिकाणी राहते असे कोणास म्हणता येऊ नये. स्वतःचे वागणे त्यांनी फार साधे ठेविले होते. अंगावर विधवेची साधी वस्त्रे, बोलणे मोजके, आणि धर्माचारात उगाच कोणाचा रोष ओढवून घेणे नाही. काही सुधारकांस त्यांचे हे धोरण भित्रेपणाचे वाटे. पण ज्यास आपली विधवा बहीण घराबाहेर पाठवावयाची असते तो माणूस मोठमोठी व्याख्याने ऐकून पाठवीत नाही. ज्या बाईच्या हाती आपण तीस सोपवितो ती कशी आहे हे पाहून पाठवितो.

आता ह्या शिकण्याचे स्वरूप पाहू. नवी बाई पहिल्या दिवसापासून औषध देत नाही. प्रथम तीस खाट करावयास शिकवितात. हे ऐकून हसू येते; अंथरूण कोणास घालता येत नाही? काही वर्षांपूर्वी माझी आई अर्धांगवायूने आजारी असता मी एका मोठ्या रुग्णालयात तिच्याजवळ राहिलो होतो. तेथे एका वृद्ध परिचारिकेने नव्या मुलीकडून एकच चादर चार वेळा काढवून चार वेळा घालविली. मला त्या मुलीची दया आली, आणि मी मध्ये बोलण्याच्या बेतात होतो. मग त्या वृद्ध बाईंनी मुलीचा हात धरून चादरीखालच्या सुरकुतीवर फिरविला आणि तोच हात माझ्या आईच्या पाठीवरील लाल झालेल्या जागी ठेविला. मुलगी समजली. मीही समजलो. निजून असणाऱ्या रोग्याच्या पाठीस चादरीची घडी रुतते, तेथील रक्त थांबते, कातडी लाल होते, मग फुटते, आणि कुल्ल्यावर मूठ जाईल एवढी जखम होते. दर दोन तासांनी कूस बदलावी, पाठ कोरडी ठेवावी, चादर ताणून घालावी, एवढ्याने ती टळते. हे पुस्तकात एका ओळीत लिहिता येते; पण सुरकुती बोटांस कळावी लागते.

अशीच दुसरी कामे. उष्णतामापक लावून आकडा तक्त्यावर मांडावा, नाडी मोजताना ती किती आहे एवढेच नव्हे तर कशी आहे तेही ओळखावे, उपकरणे उकळावी, स्वच्छ केलेल्या हाताने पुन्हा पदर सावरू नये. हे शेवटचे आमच्या बायकांस सर्वांत कठीण जाते असे एका परिचारिकेने मला सांगितले, कारण पदर सावरणारा हात मनास विचारीत नाही. आणि मलमूत्राचे भांडे. ते उचलून टाकावे एवढ्यापुरते ते काम असते तर आमच्या गृहस्थांचा आक्षेप खरा ठरला असता. परंतु परिचारिका ते टाकण्यापूर्वी पाहते. पटकीच्या रोग्याचे ढाळ तांदळाच्या धुवणासारखे असतात. विषमज्वरात तिसऱ्या आठवड्यात मळ काळा किंवा रक्ताळ दिसू लागला तर आतडे झिजून रक्त जात आहे असे समजावे लागते, आणि डॉक्टरास तत्क्षणी कळवावे लागते. मूत्र किती झाले ते मोजल्यावाचून मूत्रपिंडे चालतात की नाही हे कळत नाही. हेच भांडे झाडूवाल्याने उचलले तर ती घाण. शिकलेल्या बाईने उचलले तर तीत रोगाचा वृत्तांत असतो.

आणि हे ध्यानात घ्यावे की १९११ साली विषमज्वरावर औषध नव्हतेच. क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४८ साली प्रथम त्या रोगावर वापरले गेले. त्यापूर्वी तीन तीन, चार चार आठवडे रोग्यास पातळ अन्न चमच्याने भरविणे, ताप चढला की ओल्या फडक्याने अंग पुसणे, तोंड स्वच्छ ठेवणे, त्यास उठू न देणे, हेच सारे उपचार होते. डॉक्टर सकाळी येऊन जाई. उरलेल्या वेळात रोगी वाचला तर तो परिचारिकेच्या हातांनी वाचे. न्युमोनियाचेही तसेच, बाळंतज्वराचेही तसेच. ज्या विधवेस घरी शुभकार्यात पुढे येऊ देत नसत, तिच्या हाती रात्रभर एखाद्या घरच्या कर्त्या पुरुषाचा जीव असे.

जमाव किती निष्ठुर होता हे एका प्रसंगावरून कळेल. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली, आलवण नेसलेली एक विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली. प्रेक्षकांत विद्यार्थी पुष्कळ होते. ते तीस पाहून हसू व हुल्लड करू लागले. रमाबाई उठल्या. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एखादी दुर्दैवी आई, बहीण किंवा आत्या असेल, तीस पाहूनही आपण असेच हसता काय, अशा आशयाचे त्या बोलल्या. मुले शरमली. रमाबाई सहसा रागावत नसत, म्हणून त्या दिवशीचे त्यांचे बोलणे अधिक लागले असावे.

हळूहळू आक्षेप मावळले. का मावळले ह्याविषयी माझे मत असे आहे की लोकांस उपदेश पटला म्हणून नव्हे. शिक्षण पुरे करून बाहेर पडलेल्या बाईस पगार मिळू लागला. तिच्या नावाचे प्रमाणपत्र तिच्या पेटीत आले. जे दीर पूर्वी तीस घरात ठेवून घेण्यास कुरकुरत तेच घरातले बाळंतपण अडले की तीस बोलावू लागले. आळंदी व पंढरपूर येथील यात्रांत सेवासदनाच्या बाया मदतीस जात, तेव्हा वारकऱ्यांनीही त्यांचे काम पाहिले. आजारी पडलेला माणूस पाणी देणाराची जात विचारीत नाही, निदान दुखणे जोरात असेपर्यंत तरी विचारीत नाही.

रमाबाईंच्या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. सेवासदन कोणत्याही जातिधर्माच्या स्त्रीस बंद नव्हते. तथापि आरंभीच्या काळी त्याचा लाभ मुख्यतः वरच्या वर्गातील स्त्रियांस झाला. आमच्या आज्या त्या वसतिगृहाच्या दाराशी गेल्या असत्या तर त्यांचे कसे स्वागत झाले असते हे मी सांगू शकत नाही. परंतु तेथील बाईस रुग्णालयात गेल्यावर खाटेवरचा माणूस निवडता येत नव्हता. खाट क्रमांक सातवर मांग निजला असो की मराठा, पाठ पुसावीच लागे. शतकानुशतके ज्यांस दुरून पाणी ओतले, त्यांच्या तोंडात त्याच ज्ञातीच्या बाईने चमच्याने पेज घातली. शिवाशिवीवर पुष्कळ परिषदा भरल्या व ठराव झाले. पण जनाना वॉर्डात ती रोज थोडीथोडी मोडत होती, आणि कोणी टाळ्या वाजवीत नव्हते.

रमाबाईंचे पुढील चरित्र थोडक्यात सांगतो. पुण्यात मुलींस सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून व स्त्रियांस मताचा अधिकार मिळावा म्हणून त्या झटल्या. पतीच्या सहवासाच्या आठवणी त्यांनी मराठीत लिहिल्या. ते पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले, आणि मराठी जाणणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावे असे आहे. सन १९२४ मध्ये त्या पुण्यास वारल्या. त्या वेळी सेवासदनाच्या निरनिराळ्या वर्गांत हजारावर स्त्रिया शिकत होत्या. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६२ साली, भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपालाचे तिकीट काढले.

त्यानंतर पुष्कळ बदल झाले. आमच्या शेजारच्या वाशीम येथे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय १९३८ साली सुरू झाले, व पुढे तेथे परिचारिकांची शाळाही निघाली. सन १९४७ च्या कायद्याने ह्या शिक्षणास सर्व देशात एक माप मिळाले. सहाय्यक परिचारिका व प्रसाविका हा वर्ग प्रथम १९५१ साली पंजाबातील तरनतारन येथील सेंट मेरीज रुग्णालयात निघाला. आज खेड्यातील उपकेंद्रावर लस टोचणारी व गरोदर बायांची नोंद ठेवणारी जी ताई आपण पाहतो ती ह्याच वर्गातून तयार होते. ह्या शिक्षणातही वर्गातले धडे हा एक भाग आहे. बाकीचे दिवस रुग्णालयात व खेड्यापाड्यांत प्रत्यक्ष काम करून भरावे लागतात.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले. मी त्यांस ही सारी कथा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, आणि म्हणाले की त्या बाया ब्राह्मणाच्या होत्या, त्यांनी हे काम केले तर त्याग ठरतो, आमच्या पोरीने केले तर ठरलेलेच होते असे लोक म्हणतील. हे बोलणे खोटे नव्हते. मी म्हणालो की आपण वाद न घालता एकदा प्रत्यक्ष पाहून येऊ. दुसऱ्या आठवड्यात बाप, मुलगी व मी असे तिघे जिल्ह्यातील एका रुग्णालयात गेलो. तेथील बाईंनी कृपा करून आम्हांस वॉर्डाच्या दाराशी उभे राहू दिले.

आत निळ्या पोषाखातील दोन विद्यार्थिनी एका म्हाताऱ्याच्या खाटेजवळ होत्या. एकीने मूत्राचे भांडे उजेडाकडे धरले, रेघा असलेल्या काचेच्या पेल्यात ओतून मोजले, आणि दुसरीने आकडा कागदावर लिहिला. थोड्या वेळाने तरुण डॉक्टर आले. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहण्यापूर्वी तो कागद पाहिला, आकड्यावर बोट ठेवून त्या मुलीस काही विचारले, तिने उत्तर दिले, आणि त्यांनी चालू असलेले सलाईन कमी करविले. एवढेच झाले. मुलीने भांडे नेऊन धुतले, हात धुतले, दुसऱ्या खाटेकडे गेली.

आमचे गृहस्थ बराच वेळ दारात उभे राहिले. मग त्यांनी मला विचारले की डॉक्टर त्या पोरीस विचारीत का होते. मी म्हणालो की तीस ठाऊक होते आणि त्यांस नव्हते म्हणून. पुढे त्यांनी वसतिगृहाचा खर्च किती येतो ते विचारले. ते मला ठाऊक नव्हते. आम्ही कचेरीच्या खिडकीकडे गेलो तेव्हा जेवणाची सुटी झाली होती. मग बाहेर लिंबाखाली बसून आम्ही मुलीच्या आईने बांधून दिलेल्या भाकरी सोडल्या आणि खिडकी उघडण्याची वाट पाहिली.